बोटीला विहिरीचं पाणी

आमच्या घरी दूध आलं की आत्या आधी त्यात करंगळी बुडवायची आणि थेंब नखावर घ्यायची. थेंब टिकला तर दूध चुलीवर, ओघळला तर गवळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. टिकला तरी म्हणायची, "आज टिकला. उद्याचं उद्या पाहू." आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पुलगावहून आमच्याकडे आली ती कायमची. पुलगावात तिचं घर लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या तारेच्या कुंपणापासून जवळ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती पाहून पाहून तिची अशी समजूत झाली होती की माणसाची ओळख करून घ्यायची तर आधी त्याच्या पिशवीत हात घालावा. माय बोलायला कमी, पण संशयात आत्याला हार जाणारी नव्हती. तिचा संशय मुका होता, एवढंच. सिंदी मेघेच्या बाजारात भाजीची टोपली मांडून बसली की गिऱ्हाईक वांग्याचा देठ पाही आणि माय गिऱ्हाइकाचे डोळे पाही. या दोन बायकांच्या मध्ये मी वाढले. आज पिपरी मेघेत मुलाच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, त्यावर हिरवा दिवा लागतो. तरी मी गिलास उजेडात धरून पाहिल्याशिवाय तोंडाला लावत नाही. सून हसते. हसू दे.

आमचं गाव धरणाच्या पाठीशी. दीड एकराचं वावर, त्यात वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि बाजाराच्या गाडीवर चढवायच्या. बाबा त्यात मन लावून काम करायचे, पण त्यांचा जीव होता तो ऑइल इंजिनात. गावात कोणाचं इंजिन रुसलं की बाबांना बोलावणं यायचं. बाबा इंजिनाला कान लावून बसायचे, जसं वैद्य नाडी पाहतो तसे, आणि मग एकच नट फिरवायचे. म्हणूनच वर्ध्याच्या एका ठेकेदाराने धरणावर पाहुण्यांना फिरवायला बोट आणली तेव्हा तिच्यासाठी माणूस म्हणून बाबांचं नाव निघालं. बोट कोकणातून ट्रकवर बसून आली. पांढरी, बाजूला निळा पट्टा, आत गादीची बाकं, चहा करण्यापुरता ओटा आणि मागच्या अंगाला एक अरुंद दार. ते दार आम्हा कोणाला उघडून दाखवलं नाही. बोटीसोबत एक वाकलेला म्हातारा मिस्त्री आला होता. तो पंधरा दिवस राहिला, बाबांना सगळं शिकवलं आणि आमच्याकडचं वांग्याचं भरीत खाऊन घाम पुसत पुसत परत गेला. त्या दिवसापासून बाबा 'बोटीचे डायवर' झाले. पांढरा सदरा, खिशावर नांगराचं चित्र. आत्याने शिरा केला आणि गावभर सांगत सुटली, "माहा भाऊ आता जहाज चालवते."

पहिले काही महिने घरात नुसता आनंद होता. बाबा गुणगुणत यायचे. माय त्यांच्यासाठी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा करायची, त्यावर तर्री अशी की भाकरीचा पहिला तुकडा बुडवला की डोळ्यांत पाणी. मग उन्हाळा लागला, बोटीवर पाहुण्यांची गर्दी वाढली आणि आत्याच्या नजरेला एकेक गोष्ट खुपायला लागली. पहिली म्हणजे बाबा रोज सकाळी विहिरीवरून दोन कॅन पाणी भरून सायकलला अडकवून न्यायचे. दुसरी म्हणजे परत यायचे ते अंघोळ करून. केस ओले, नखं घासून पांढरी केलेली. जो माणूस जन्मभर काळं तेल नखांत घेऊन जेवला, त्याची नखं एकाएकी नवरदेवासारखी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे लिंबं. आमच्या अंगणातल्या झाडाची लिंबं रोज दोन-तीन कमी व्हायची आणि बाबांच्या हाताला लिंबाचा वास यायचा. आत्याने हे तिन्ही धागे जोडले आणि एका दुपारी मायला म्हणाली, "पाहाय शांते, मानूस लिंबू कायले खाते? तोंडाचा वास मारायले. आन् आंघोय करून काऊन येते? बोटीवर दारू हाये, नाहीतं बाई हाये. दोन्ही बी असन." माय मेथी निवडत होती. तिने वर न पाहता विचारलं, "बाईसाठी विहिरीचं पानी नेते का कोनी?" त्यामुळे आत्याचा संशय कमी झाला नाही. तिच्या डोक्यात आता बाई आणि पाणी असा दुहेरी गोंधळ सुरू झाला.

पाण्याचं मी नीट सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. आमच्याकडे विहिरी बहुतेक खाऱ्या. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोड्या पाण्याच्या विहिरी गावात दोन-तीन, त्यातली एक आमच्या परसात, तीन घरांच्या सामाईक मालकीची. एक हिस्सा आमचा, एक शेजारच्या देवरावकाकांचा, आणि तिसरं घर असं की भांडणात ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला जाणार. प्रत्येकाची भरायची पाळी ठरलेली. त्या वर्षी वैशाखात तळाचे दगड दिसायला लागले. बादली सोडली की पाण्यावर पडल्याचा आवाज येण्याऐवजी दगडावर आपटल्याचा यायचा आणि तो आवाज ऐकला की तिन्ही घरांतल्या बायका एकाच वेळी दारात येऊन उभ्या राहायच्या. अशा दिवसांत आमच्या घरातून रोज दोन कॅन बाहेर जातात, हे देवरावकाकांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ते बाबांना काही बोलले नाहीत. फक्त बाबांची सायकल निघाली की ओट्यावरून उठून कोपऱ्यापर्यंत चालत जायचे आणि ती कुठल्या बाजूला वळते ते पाहून परत यायचे. काकू मायला विचारायच्या, "भाऊजी पाहुन्यायले प्यायले देतेत का वो पानी? का हाटेलात जाते?" माय म्हणायची, "मले काय माहीत." हे खरंही होतं आणि तिचं दुखणंही तेच होतं. नवरा तिला कधी काही लपवत नसे, आणि आता लपवत होता.

शेवटी आत्याने मला पाठवलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते, गावातल्या मुलींमध्ये शिकलेली म्हणून मिरवत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. बाबांवर माझा फार जीव होता. म्हणूनच ते काहीतरी लपवतात हे मला आत्यापेक्षा जास्त झोंबत होतं. आत्याने डब्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा भरून दिला. "भाकर विसरले होते म्हनजो. आन् आधी आवाज देऊ नोको. आधी पाहाय." मी धरणावर पोचले तेव्हा पाहुणे निघून गेले होते. बोट काठाला बांधलेली, हलके हलके डुलत होती. फळीवरून चढले. आतून आवाज येत होता, चुळ्ळक्-चुळ्ळक्, मधेच थांबून परत. मागचं ते अरुंद दार उघडं होतं. मी पाय न वाजवता गेले आणि आत डोकावले.

बाबा गुडघ्यांवर बसले होते. पांढरा सदरा खुंटीला, अंगात बनियन. समोर चिनी मातीचं भांडं, शहरात असतं तसं बसायचं, पण बुटकं. त्याच्या बाजूला एक दांडा होता आणि बाबा तो खालीवर करत होते. भांड्याच्या कडेनं पाणी गोल फिरत खाली जात होतं. शेजारी आमचा कॅन, त्यात एक नळी बुडवलेली. आणि बाबांच्या डाव्या हातात लिंबाची अर्धी फोड. मला एका क्षणात सगळं कळलं. आमच्या घरी संडास नव्हता. टमरेल घेऊन आम्ही सगळे परसाकडे जात होतो. आणि माझे बाबा, ज्यांना गावात कोणी अरे-तुरे करत नव्हतं, ते इथे परक्या लोकांचा संडास घासत बसले होते. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, किळसही आली, आणि किळस आल्याची लाज वाटली. माझ्या हातातला डबा दाराला लागला. बाबांनी मागे पाहिलं.

ते दचकले नाहीत, घाबरले. बापाला आपल्याला घाबरलेलं पाहणं ही फार वाईट गोष्ट आहे. त्यांनी आधी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं, मग हळूच विचारलं, "आत्यानं धाडलं?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बस." मी दारातच बसले. मग त्यांनी हात धुतले आणि एकाएकी मला ते सगळं समजावून सांगायला लागले. सांगता सांगता त्यांचा आवाज बदलत गेला, इंजिन खोलून दाखवताना व्हायचा तसा. "हे पाहाय. पाहुने असतेत तवा खालचा कॉक उघडा. दांडा मारला का धरनाचं पानी नळीतून वर येते, भांडं धुते आन् घान टाकीत जाते. टाकी बंद. थेंब बी धरनात जात नाई, तिले वर्ध्याहून गाडी येते उपसायले. पन पाहुने गेले का मिस्त्रीनं सांगितलेलं काम करा लागते. खालचा कॉक बंद. नळी काढायची, गोड्या पान्यात बुडवायची, आन् दांडा मारायचा, साऱ्या नळ्यायतून गोडं पानी फिरलं पाह्यजे. मिस्त्री म्हने, नळीत खालचं पानी रातभर ठेवलं का बोट हातची गेली समज." त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असणार, पण त्यांनी दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "कोनाले सांगू नोको, कुसमे. तुले पाहायले लोक येतीन आता. बोटीचा डायवर हाये तुहा बाप. तेवढंच राहू दे."

मी शब्द दिला. परत निघताना मात्र एक किडा माझ्या डोक्यात शिरला. मिस्त्री कोकणातला. तिथे बोट चालते समुद्रात, आणि समुद्राचं पाणी खारं. खारं पाणी नळीत राहिलं तर नळी खराब होणार, म्हणून गोडं पाणी फिरवायचं. पण इथे कुठे समुद्र आहे? मी काठावर वाकले, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायले. गोड. आमच्या विहिरीपेक्षाही मऊ. म्हणजे म्हाताऱ्याने आपलं समुद्राचं शास्त्र सांगितलं आणि बाबांनी ते देवाज्ञा मानलं! भर वैशाखात गावाच्या तोंडचं पाणी सायकलवर वाहून नेत होते, आणि कशासाठी, तर ज्याची काही गरजच नाही अशा कामासाठी. मला हसू आलं, मग बाबांची कीव आली. वळून त्यांना सांगावंसं वाटलं, पण ते मागच्या दाराशी उभे राहून सदरा घालत होते, बटणं लावत होते, परत डायवर होत होते. मी काही न बोलता घरी आले. आत्याला सांगितलं, "इंजिन धुते बाबा. तेलाचे हात होते म्हनून लिंबू लावते." आत्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मायला म्हणाली, "हे बी मिळाली त्याले."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी विहिरीवर ते भांडण झालं. सकाळची वेळ, आमची पाळी. बाबा पाणी ओढत होते, ओट्यावर दोन कॅन ठेवलेले. देवरावकाका आले आणि त्यांनी रहाटाच्या दोरावर हात ठेवला. तिसऱ्या घरचे दोघं मागोमाग आले, बायका दारात आल्या. काका शांतपणे बोलत होते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "वसंता, आज सांगून टाक. हे पानी कुठं जाते?" बाबा म्हणाले, "बोटीले लागते." काका म्हणाले, "बोटीखाली सारं धरन हाये. तिले आपल्या विहिरीचं पानी काऊन लागते? तिले काय धरनाचं पचत नाई?" मागून कोणीतरी हसलं. काका पुढे म्हणाले, "इकून राह्यला असशीन तं तसं सांग. आमचे लेकरं खारं पानी पिऊन राह्यले आन् तू गोडं इकतं. आजपासून तुहा हिस्सा बंद. विहिरीले कुलूप लावतो." बाबांचा चेहरा खाली होता. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं आणि ते त्यांच्याने बोलवत नव्हतं. मी पाहत होते, ते चोर म्हणवून घ्यायला तयार झाले होते. हिस्सा गेला असता तर मायला आणि मला खाऱ्या विहिरीवर नाहीतर मैलभर चालत जावं लागलं असतं, तरी ते तोंड उघडणार नव्हते.

मग मी उघडलं. "बाबा चोर नाई," मी ओरडले. "ते बोटीवरचा संडास धुते त्या पान्यानं!" तिथेच थांबले असते तर फक्त शब्द मोडल्याचं पाप लागलं असतं. पण मला माझी हुशारी दाखवायची होती. मी म्हणाले, "आन् त्याले हे पानी लागतच नाई. समुद्रात लागते, तिथं खारं असते म्हनून. धरनाचं पानी गोडं हाये, मी पिऊन पाह्यलं. मिस्त्रीनं उगाच सांगितलं. आता बाबा नाई नेनार." मला वाटलं होतं की भांडण मिटलं. भांडण मिटलंच, कारण सगळे हसायला लागले. आधी तिसऱ्या घरचे, मग काकू तोंडाला पदर लावून, आणि शेवटी देवरावकाकाही. "अरे वसंता, अख्खा उन्हाळा तू धरनाले पानी पाजून राह्यलाता काय बे!" काकांनी दोर सोडला, जाताना बाबांच्या पाठीवर थापही मारली. बाबांनी भरलेले दोन्ही कॅन विहिरीत परत ओतले. घरात आल्यावर मला एवढंच म्हणाले, "चोर म्हनले असते तं चाललं असतं मले." त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचे दिवस आठवले की आजही जेवण गोड लागत नाही. विहिरीला कुलूप लागलं नाही, पण बाबांनी दोराला हात लावला की काकू नंतर दोर धुऊन घ्यायच्या, कोणी पाहत नाही असं समजून. आत्या पाहत होती. जी आत्या भावावर बाईचा आळ घेत होती, ती आता काकूंकडे पाहून थुंकायची आणि आत येऊन रडायची. माझ्याशी तर तिने बोलणंच टाकलं. माय मला वाढताना भाकरी ताटाच्या कडेला ठेवायची, हातात द्यायची नाही. पोरं बाबांच्या सायकलमागे 'पानी पाजा, पानी पाजा' ओरडत धावायची. बाबा रिकाम्या सायकलवर जायचे आणि रिकाम्या सायकलवर यायचे. लिंबं झाडावर पिवळी होऊन गळत होती. मी स्वतःला समजावायची की निदान गावाचं पाणी तर वाचलं, खरं ते खरंच आहे, आणि शास्त्र माझ्या बाजूला आहे.

मग एक दिवस बाबा लवकर आले आणि मायजवळ बसून हळू आवाजात बोलले. मी दाराआडून ऐकलं. तेवढं तर आमच्या घरात प्रत्येकाला येत होतं. बोटीला वास सुटला होता. सडलेल्या अंड्यासारखा. बाबांनी भांडं घासलं, फरशी घासली, लिंबं चोळली, वास जाईना. सकाळी एक पाहुणीण नाकाला रुमाल लावून मधूनच काठावर उतरली होती. ठेकेदाराने बाबांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "साफ करता येत नाई का तुले?" चार दिवसांत वास गेला नाही तर दुसरा माणूस. माय म्हणाली, "पहिले तं येत नवता वास." दोघांची मान एकाच वेळी दाराकडे वळली, जिथे मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी धरणावर गेले. बाबांच्या बोटीकडे नाही, जरा अलीकडे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं होतं. काठाला हिरवं शेवाळ, पाण्यात डोळ्यांना दिसतील न दिसतील असे हलणारे जीव. आधी ओंजळीने प्यायले तेव्हा मी हे पाहिलंच नव्हतं. मला फक्त खारं की गोडं एवढंच पाहायचं होतं. मी एका बाटलीत ते पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि घरी आणून छपराच्या कवेलूंवर उन्हात ठेवलं. शेजारी दुसऱ्या बाटलीत आमच्या विहिरीचं पाणीही तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी धरणाची बाटली उघडली आणि तोच सडलेल्या अंड्याचा वास आला. विहिरीच्या बाटलीला कसलाच वास नव्हता. मिस्त्री समुद्राचा असेल, पण तो म्हणाला होता खालचं पाणी. खारं पाणी असं तो कधी म्हणालाच नव्हता. त्या पाण्यात जीव असतात, ते नळीत कोंडले की मरतात आणि सडतात, समुद्रातही आणि धरणातही. माझ्या अडाणी बाबांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं केलं होतं, आणि मी शिकलेली, मी त्यांचं बरोबर असलेलं काम चारचौघांत चूक ठरवलं होतं. मला त्या दिवशी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा नंतर कधी आला नाही, आणि राग येण्यासारख्या गोष्टी मी पुढे पुष्कळ केल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आमची पाळी आली तेव्हा सगळ्या बायका विहिरीवर असतील अशी वेळ मी मुद्दाम धरली. अडगळीतून दोन्ही कॅन काढले, घासले, ओट्यावर ठेवले आणि पाणी ओढायला लागले. काकूंनी घागर खाली ठेवली. "कायले वो कुसुम एवढं पानी?" मी म्हणाले, "बोटीच्या संडासाले." कोणी हसलं नाही. मी पुढे म्हणाले, "बाबाचं बरोबर होतं काकू. मी चुकली होती. धरनाच्या पान्यानं सडते ते. आमच्या हिश्श्यातलं नेऊन राह्यली मी, आमी खारं पिऊ." देवरावकाका ओट्यावरून उठले, जवळ आले आणि कॅनांकडे पाहत उभे राहिले. त्यांना माझं पटलं की नाही ते मला आजतागायत माहीत नाही. आत्या आमच्या दारात होती. ती आली, माझ्या हातातला दोर घेतला आणि म्हणाली, "तुले ओढता येत नाई नीट. सांडून राह्यली." दुसरा कॅन तिने भरला.

बाबा त्या दिवशी पायीच गेले होते, पण सायकल मला चालवता येत नव्हती. कॅन दोन्ही बाजूंनी अडकवून मी ती ढकलत नेली, भर गावातून. पोरं मागे आली, पण ओरडायला त्यांना काही सुचेना. धरणावर पोचेपर्यंत माझे दोन्ही खांदे गेले होते. बाबा बोटीवर एकटेच होते, मागच्या दाराशी, उंबरठ्यावर बसलेले. वास फळीपर्यंत येत होता. मी एक कॅन उचलून त्यांच्यासमोर ठेवला. ते कॅनाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. महिनाभरानंतर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असे. "विहिरीचंच हाये ना?"

मला लागलं ते. एवढं ओझं आणल्यावर हा प्रश्न! पण मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी म्हणाले, "विहिरीचंच हाये बाबा. आत्यानं ओढलं." त्यांनी आणखी थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खाली हात घालून कॉक बंद केला, नळी काढली आणि कॅनात बुडवली. सरकून मला आत जागा करून दिली. मी गुडघ्यांवर बसले आणि या वेळी कोणी न सांगता दांडा धरला.

"दम धरून मारजो," बाबा म्हणाले. "महिन्याचं साचलं हाये. लवकर नाई निघनार."